उलटा स्क्रू

डोळे मिट बरं बाळा, आणि माझ्याबरोबर अमळनेरच्या एका मातीच्या भिंतींच्या घरात चल. भर दुपार आहे. पाणी यायची वेळ झालीय, घरातला नळ मात्र घट्ट बंद. तरी भिंतीच्या आतून कुणी मुठीने ठोकावं तसा आवाज येतोय. आला ऐकू?

दहा वर्षांच्या कुंदाला तो रोज पाण्याच्या वेळेला ऐकू यायचा. टेकाडावर नवी टाकी झाल्यापासून पाण्याला असा जोर आला होता, की बादली हातातून निसटायची. त्या जोराला लगाम घालायला तिच्या काकांनी, हिलालनानांनी, भिंतीतल्या पाइपावर रेग्युलेटर बसवला होता. पितळी, पेरूएवढा, डोक्यावर स्क्रू, पोटावर दाब दाखवणारा काटा. त्याच भिंतीशी टांगलेल्या झोळीत कुंदाचा तान्हा भाऊ झोपला होता. आई दळण आणायला गेलेली.

नानांनी पाना लावून स्क्रू आवळला. ठक. ठक.

“नाना, काटा वर चढी ऱ्हायना.”

“चढू दे. आखो आवळं म्हणजे उतरी.”

नळ आवळला की पाणी थांबतं, एवढंच नानांना ठाऊक. पण या यंत्राचं उलटं असतं. स्क्रू आवळला की आतली स्प्रिंग दाबली जाते, वाट उघडते आणि पाणी जास्तच घुसतं. कुंदाला स्प्रिंग माहीत नव्हती. तिला दिसत होतं ते इतकंच, की नाना पाना फिरवतात आणि काटा चढतो.

“नाना, ढिला करा ना!”

“तू काय नळखात्यानी साहेबीण शे का? माले शिकाडस!” नाना हसले आणि त्यांनी आणखी एक पीळ दिला.

ठोके एकदम थांबले.

“देखं? आवाज बसना गप!” नाना खूश झाले.

पण आत पाइप तडकला होता, आणि झोळीच्या वर भिंतीला ओल फुटली होती. बघता बघता तिथली माती फुगली. एक पोपडा सुटून बाळाच्या दुपट्यावर पडला.

कुंदाने भावाला झोळीतून उचललं, बाहेर ओट्यावर बसलेल्या शेजारच्या झुंबरबाईंच्या मांडीवर दिलं, आणि गल्लीतल्या पाइपाचं पाणी घरात शिरतं तिथली चावी दोन्ही हातांनी फिरवून बंद करायला लागली.