हौशाचं आवतन

खुंटीवरची, बैलाच्या गळ्यातली घाटी काढताना छायाने तिचा लोळा मुठीत धरला. वेळेआधी वाजायला नको. गोठ्यात तिने पोतं अंथरलं, त्यावर कोमट तूप-हळदीची वाटी ठेवली, शेजारी पळसाची दोन पानं. समोर खुंट्याला दावं होतं. दाव्याला बैल नव्हता.

"हे सारं कायले मांडलं?" दाराशी पंपाची वायर गुंडाळत बसलेला श्रावण म्हणाला. "फोनवर आईले वाटी दिसते काय?"

"खोटं बोलाचं तं नीट बोलाव."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वायरीत डोकं घातलं.

हौशा वैशाखात गेला. कडुलिंबाखाली बसला तो उठलाच नाही. जोडीचा बैल कधीच विकला होता, वाही-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होत होती. तरी हौशाला ठेवलं होतं. त्याची माय विताना मेली तेव्हा छायाच्या सासूने, आनंदाबाईंनी, त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आणि तो गेला तेव्हाच आनंदाबाई मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन करून धाकट्या प्रफुलच्या घरी, सिंदी मेघेच्या फ्लॅटमध्ये पलंगावर पडून होत्या. शनिवारी फोनवर त्यांनी विचारलं, "हौशा खाते ना वं?" छाया म्हणाली, "हाव." ते 'हाव' मग मागे घेता आलं नाही.

तेव्हापासून दर शनिवारी सगळं घर फोनवरून सिंदी मेघेला जाई. पऱ्हाटीला पात्या लागल्या, मोटर पुन्हा जळाली, गावातल्या अंजूचं लग्न जुळलं आणि मोडलं, रानडुकरांनी बांध उकरला. सगळ्यात शेवटी हौशा. बघता बघता मेलेला बैल जित्यापेक्षा जास्त उद्योग करू लागला. त्याने शेजारच्या जयवंताचा कोहळ्याचा वेल खाल्ला. कुत्र्याशी अबोला धरला. एकदा तर दावं तोडून सेलूच्या रस्त्यापर्यंत गेला.

"तिकडं कायले गेलता मरायले?" आनंदाबाई हसून म्हणाल्या होत्या, आणि छायाने फोन लांब धरून नाक पुसलं होतं.

सांगून टाकावं, असं तिला दर वेळी वाटे. पण प्रफुल अडवायचा.

"वहिनी, आई डॉक्टरचं आयकत नोती. आता वॉकर घेऊन सकाळ-संध्याकाळ चालते. म्हनते, दिवाळीले घरी जातो, हौशाले पाह्यतो. थांबा ना थोडं."

म्हणजे नसलेल्या बैलाच्या जोरावर सासूबाईंचं एकेक पाऊल पुढे पडत होतं. ते पाऊल आपल्या तोंडून थांबलं तर? छाया गप्प राही, आणि पुढच्या शनिवारी हौशा आणखी काहीतरी खाई.

आता उद्यावर पोळा आला होता. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, ही रीत. "खांदे शेकशीन तवा फोन लावजो," आनंदाबाईंनी बजावलं होतं. "आवतन मीच देतो त्याले." व्हिडिओ त्यांना चालत नसे. त्यात माणूस विहिरीत डोकावल्यासारखा दिसतो, हे त्यांचं म्हणणं. छायाला आज त्या विहिरीचा मोठा आधार वाटला.

फोन लागला. तिने तो पोत्यावर ठेवून आवाज मोठा केला.

"तूप कोमट हाय ना वं? चटका नको देजो."

"कोमट हाय, आई."

"लाव मंग."

छायाने पान तुपात बुडवलं. कुठे लावावं ते न सुचून गव्हाणीच्या दांडीवर फिरवलं, आणि दुसऱ्या हाताने घाटी हलवली. खणखणीत वाजली. तिने अजून हलवली.

पलीकडून काहीच आलं नाही.

"आई?"

"आयकून राह्यली. लय हालून राह्यला आज."

"सन हाय ना. खुश झाला."

"हं."

आणि छायाचा हात जागीच थांबला.

कोमट तूप खांद्याला लागलं की हौशा डोळे मिटून मातीच्या बैलासारखा उभा राही. एरवी सारखी किणकिणणारी घाटी तेवढ्या वेळात एकदाही वाजत नसे. ती या घरात आली त्या पहिल्या पोळ्याला आनंदाबाईंनीच तिला जवळ ओढून दाखवलं होतं.

दाराशी श्रावणचेही हात थांबले होते. फोनमधून फ्लॅटच्या पंख्याची घरघर तेवढी येत होती. मग आनंदाबाईंनी घसा साफ केला आणि दरवर्षीच्याच सुरात, दरवर्षीइतक्याच मोठ्याने म्हणाल्या,

"आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

छायाने तुपाचं पान वाटीच्या काठावर टेकवलं.

"कुठी ठेवलं त्याले?" आनंदाबाईंनी विचारलं.

"कडुलिंबाखाली," छाया म्हणाली. "आई, मी सांगनारच होतो..."

"बरं केलं. सावली हाय तिथं."

"तुमाले कोनी सांगतलं?"

"तूच. दावं तोडून रस्त्याले गेला म्हनली ना? त्याले धड उठता येत नोतं वं. दावं काय तोडते थो!"

छायाला हसू आलं आणि ते भलत्याच आवाजात बाहेर पडलं.

"आई, चालनं बंद नका करजा."

"काऊन करू? तवापासून बी चालूनच राह्यली ना मी. दिवाळीले येतो म्हनलं तं येतो. आन् त्या जयवंतानं वेलासाठी भांडन केलं का नाई, थे तू सांगतलंच नाई."

"सांगतो. शनवारी."

"तूप उरलं असन."

"हाय वाटीत."

"फेकू नको. तुया खांद्याले लाव. लय दिस एकटीनं वढलं तू."

श्रावण वायर बाजूला ठेवून उठला. पोत्यावर छायाच्या मागे टेकला, वाटी ओढली, दुसरं पान तुपात बुडवलं. तूप अजून कोमट होतं. तिने डोळे मिटले.

फोन चालू होता. पलीकडे आनंदाबाई कान देऊन बसल्या होत्या. घाटी छायाच्या हातातच होती, आणि ती एकदाही वाजली नाही.