संताचं आजोळ

सरजाबाईला त्या संताचा राग नव्हता. राग होता तो त्याच्या नातेवाइकांचा, आणि चुडाव्यात त्याचे नातेवाईक फार झाले होते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा होता. स्टेशनापलीकडे पत्र्याचं एक लहानसं चर्च होतं. त्याचा आश्रयदाता संत जॉर्ज, घोड्यावर बसून अजगराच्या नरड्यात भाला घालणारा आणि शेवटी धर्मापायी शिरच्छेद झालेला. एप्रिलमध्ये त्याचा सण, आणि सणाच्या दिवशी त्याची तसबीर पुढे धरून गावातून मिरवणूक निघायची. तसबीर धरायचा मान कुणाचा, यावर दरसाल थोडीफार कुरबुर होई. यंदा मात्र प्रकरण हातघाईवर आलं होतं.

आजे-पणजे असताना गावातल्या दोन वेगवेगळ्या जातींच्या वाड्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. देव एक झाला, पंगत एक झाली, पण मुलींची देवघेव काही होईना. तो विषय काढला की लोकांना एकदम शेतातली कामं आठवत. वरच्या वाड्याला धर्म शिकवला एका म्हाताऱ्या फादरांनी. ते सांगून गेले होते की संत तुर्कस्तानाकडच्या कप्पदोकियाचा, उंचापुरा, गोरापान, मोठ्या घरचा. खालच्या वाड्याला शिकवायला पुढे सिस्टर आल्या. त्यांनी सांगितलं, संत पॅलेस्टाईनमधल्या लोद गावचा. तिकडे ऊन फार म्हटल्यावर तो सावळाच असणार, आपल्यासारखा, हे खालच्या वाड्याने आपल्या मनाने जोडलं. संत ज्या वाड्याचा, मान त्या वाड्याचा, असं दोन्हीकडच्यांनी ठरवून टाकलं.

आता यात सरजाबाईचं काय जात होतं? तर तिची मुलगी जात होती, किंवा जायची राहत होती. सरजाबाई वरच्या वाड्यातली, नवरा कधीच वारलेला. मुलगी सत्यशीला बालवाडीत शिकवायची. खालच्या वाड्यातल्या बन्सीधरचा मुलगा भुजंग रेल्वेत लागला होता. दोघांचं जमलं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. सणाच्या प्रार्थनेत दोघांची नावं पुकारायची, लग्न जाहीर करायचं, एवढंच बाकी होतं. तेही याच सणाला व्हायला हवं होतं, कारण सण झाला की भुजंग मनमाडला जाणार होता, आणि बन्सीधरने जालन्याची एक मुलगी त्याच्यासाठी बघून ठेवली होती. पण सरजाबाईचे थोरले दीर मुंजाजी, म्हणजे वरच्या वाड्याचे कारभारी, म्हणत, "आधी संताचं मिटू द्या." बन्सीधरही तेच म्हणे. या एका बाबतीत दोघांचं काय गूळपीठ होतं, सांगता सोय नाही.

सणाच्या आदल्या दिवशी कडुनिंबाखाली बैठक बसली. वसईकडचे तरुण फादर मध्ये बसून घाम पुसत होते.

"खरं सांगायचं तर नक्की कुणालाच माहीत नाही," फादर म्हणाले. "कुणी म्हणतात वडील कप्पदोकियाचे आणि आई लोदची. कुणी वेगळंच सांगतात."

"झालं की मग," मुंजाजी म्हणाले. "माणूस बापाच्या गावचा असतोय."

"जलम लोदला झालाय, मुंजाजी," बन्सीधर म्हणाला.

"व्हईना. पहिलं बाळातपण माहेरलाच असतंय. माझा थोरला पालमला जलमला, मामाच्या घरी. म्हणून काय तो पालमचा झाला का?"

वरच्या वाड्याने माना डोलावल्या.  रोमन साम्राज्यात बाळंतपणाची काय रीत होती, हे फादरांना सेमिनरीत कुणी शिकवलं नव्हतं.

"बाप लवकर मेला त्याचा," बन्सीधर हटेना. "मग माय त्याला घिऊन माहेरी आली. सिस्टरनं सांगितलंय. मामानं वाढविलं, मामानं शानं केलं. तवा कुठं होती तुमची कप्पदोकियाची भावकी?"

"भावकीनं न्हाई बघितलं म्हणून भावकी तुटत नसती."

सरजाबाई माठातलं पाणी वाटत होती. दुपारपासून ती हेच ऐकत होती आणि तिचं डोकं भणभणत होतं. सोयरीक बघायला बसल्यासारखी ही माणसं शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं आजोळ शोधत होती, आणि तिच्या जिवंत पोरीचं सासर कुणाला दिसत नव्हतं.

तिने तांब्या खाली ठेवला. "फादर, एक इचारू का? ते कप्पदोकिया आन् लोद जवळजवळ हायेत का?"

"छे, फार लांब."

"बोली एक होती का?"

"नसावी."

"आन् माणसं? एकाच जातीची?"

फादर जरा घुटमळले. "नाही. लोक वेगवेगळेच होते."

"मग त्याच्या माय-बापाचं लगीन कसं लागलं?"

 फादरांना हसू येत होतं, पण मुंजाजींकडे बघून त्यांनी ते आवरलं. तेवढ्यात मुंजाजींनीच तोंड उघडलं.

"म्हणूनच पोराचं मुंडकं उडविलं तिकडं," ते म्हणाले.

दोन्ही वाडे खळखळून हसले. बन्सीधरसुद्धा हसला. इतक्या वर्षांत दोन्ही वाडे एकत्र हसले ते नेमके यावर, हे बघून सरजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बरं झालं बोललात, भावजी," ती म्हणाली. "माझ्या सत्यशीलाला लेकरू व्हईल, त्याचंबी मुंडकं उडवा. तुमी त्याचे आजे लागताल, कोयता तुमच्याच हातात देते. पण आधी लगीन तरी लागू द्या. जलमल्याबिगर उडविताल कसं?"

हसणं थांबलं. मुंजाजींनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. ते लेकरू वारलेल्या धाकट्या भावाचं नातवंड असणार होतं, आणि त्याच्याच मरणाचा विनोद आपण चारचौघांत केला, हे त्यांना आत्ता कुठे उमगलं.

"नावं पुकारा उद्या, फादर," ते हळूच म्हणाले.

फादरांनी बन्सीधरकडे पाहिलं.

"माझं काय न्हाई," बन्सीधर म्हणाला. "पुकारा."

"पण संत कप्पदोकियाचाच," मुंजाजी म्हणाले.

"लोदचा," बन्सीधर म्हणाला.

आणि दोन्ही वाडे पुन्हा हमरीतुमरीवर आले. सरजाबाई घराकडे निघाली. तिला इतका संताप आला होता, की पोरीचं लग्न जमलं याचा आनंद व्हायला घर येईपर्यंत वेळ लागला.