धुकं गोष्टीतलंच होतं

अंगणात लोखंडी पाइपावर बसवलेला जुना अँटेना म्हणजे मी, मित्रांनो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा अँटेना पाहिलाही नसेल. पूर्वी टीव्हीचं चित्र आमच्यामार्फत घरात जायचं. मला स्वतःला ते कधी दिसलं नाही.

भोरला फारूकभाईंच्या दुकानात माझ्या नळ्या एका दांड्यावर बसवल्या गेल्या. चौऱ्याण्णव साल असेल. हिर्डोशीचे सावळाराम आणि त्यांची बायको कमळाबाई जुना टीव्ही घ्यायला आले होते. गावाचं नाव ऐकून फारूकभाई हसले.

"मावशी, तिथं चारी बाजूंनी डोंगर. टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतील."

"आमच्या घरात खऱ्या बी लई हायेत. द्या तुमी," कमळाबाई म्हणाल्या.

एसटीच्या टपावरून मी गावात आलो. सावळारामांनी खिडकीशेजारी खड्डा घेऊन माझा पाइप पुरला. चित्र आलं, पण घाटाकडून वारा सुटला की मी फिरायचो. त्यांनी मला तारेनं आवळून पाहिलं, पाचर मारून पाहिली. शेवटी एक गोष्ट कळली. पाइपाला माणसाचा हात असला की चित्र नीट राहायचं. मग ते मला धरून बाहेर उभे राहू लागले आणि कमळाबाई आत बघू लागल्या.

दर रविवारी सकाळी एक विलायती मालिका लागायची. शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या चोरी-खुनाच्या गोष्टी, बोलणं हिंदीत केलेलं. घोडागाडीतून एक साहेब यायचा, चिखलातले बुटांचे ठसे बघायचा आणि शेवटी खुनी कोण ते सांगायचा. कमळाबाईंना ती फार आवडायची. नाचणी निवडत त्या साहेबाच्या आधीच खुनी ओळखायच्या. बरेचदा चुकायच्या. चुकल्या की साहेबालाच नावं ठेवायच्या.

एकदा त्या आतून ओरडल्या, "सगळं पांढरं झालं!"

सावळारामांनी मला डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं.

"आता?"

"अजून पांढरंच."

बराच वेळ ते झटत होते. मग आतून हसू ऐकू आलं.

"अवो, थांबा! धुकं गोष्टीतलंच हाय. खुनी त्यातनंच पळाला."

"मग आधी सांगायचं की! हात भरून आले माझे."

"मला काय ठावं, विलायतेत बी आपल्यावानी धुकं असतं म्हनून?"

गावातली माणसंही कधी कधी बघायला यायची. सावळारामाचा अँटेना भारी आहे, असं म्हणायची. ते ऐकून मला बरं वाटायचं.

गोष्ट संपली की कमळाबाई ती नवऱ्याला पहिल्यापासून सांगायच्या. ते चहा पीत ऐकायचे.

"एकदा आत येऊन बघा की माझ्यासंगं," त्या म्हणायच्या.

"मी आत आलो तर बघायचं काय?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. अशी काही वर्षं गेली.

मग कमळाबाई आजारी पडल्या. पोटात गाठ होती. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. लेक माधुरी सासरहून आली. तिनं खाट टीव्हीसमोर लावली. त्या रविवारी एका गोष्टीचा शेवट होता. आदल्या भागात म्हातारा जमीनदार मेला होता. कमळाबाईंचा संशय त्याच्या भाच्यावर होता. सावळाराम नेहमीसारखे बाहेर आले आणि त्यांनी मला धरलं.

"आज नगं. आत या," आतून बारीक आवाज आला.

"चित्र जाईल."

"जाऊ द्या. एकटीनं बघून कंटाळा आला मला."

त्यांनी हात काढला नाही. खुनी कोण ते बायकोला दिसावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

"अवो, तुमी काय खुनी हाय का, बाहेर दडून बसायला? या म्हणते ना."

ते आत गेले. वाऱ्यानं मी फिरलो. चित्र गेलं, आवाज तेवढा राहिला.

"ह्यात सायेब कुठला?" सावळारामांनी विचारलं.

"त्यो काळा ठिपका."

"हितं तर सगळंच ठिपकं हायेत."

"हलतोय त्यो. आन् बाजूचा भाचा. तोंड बघा कसं चोरावानी."

"तोंड कुठं हाय त्याला?"

कमळाबाई हसल्या. खोकला आला, तरी हसत राहिल्या. शेवटी साहेबानं खुनी सांगितला. भाचा नव्हता, भावजय होती.

"सायेबाला काय कळतंय," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी टीव्ही लागला नाही. कमळाबाई गुरुवारी गेल्या होत्या.

सहा-सात वर्षांनी माधुरीनं घरावर डिश बसवून घेतली. माझी तार कापली. एक दिवस तीच मालिका पुन्हा लागली. चित्र स्वच्छ होतं, कुणी धरायला लागत नव्हतं. सावळारामांनी साहेबाचं तोंड पहिल्यांदाच पाहिलं. थोडा वेळ बसले. मग "बंद कर गं," म्हणाले आणि गुरांना पाणी दाखवायला गेले.

मी अजून तिथंच आहे. दोन नळ्या गळून पडल्या. पाइपावर दोडक्याचा वेल चढला आहे. मला भंगारात द्यायचं माधुरी अधूनमधून सुचवते. सावळाराम वेलाला पाणी घालायला उठतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं सांगणं वेगळं आहे. तुम्ही आत बसून काही बघत असाल आणि तुमच्यासाठी कुणी बाहेर उभं असेल, तर त्याला आत बोलवा. आणि बाहेर तुम्ही उभे असाल, तर पहिल्या हाकेला आत जा. चित्र नाही दिसलं तरी गोष्ट कळते.