पूजेतलं थिएटर

आमच्या घरात सरस्वतीपूजेचा कायदा माझ्या सासऱ्यांचा, रघोजी मामंजींचा. त्या दिवशी ज्या वस्तूला चंदन-कुंकू लागलं, कापूर ओवाळला, तिला दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पुनर्पूजा होईपर्यंत शिवायचं नाही. गेल्या वर्षी माझा सुई-दोऱ्याचा डबा पूजेत आणि ब्लाऊजचा हुक तुटला. दिवसभर पिन लावून फिरले मी! तक्रार केली तर म्हणतात, "गायत्री, हत्यारांनापण एक दिवस झोप नको का?"

अशा माणसाला नातीनं होम थिएटर करून द्यायचं ठरवलं.

हरिता, माझी लेक. तिला सिंगापूरला नोकरी लागली आणि दोन वर्षं तरी येणं नाही. तिला पहिला सिनेमा मामंजींनीच दाखवला होता, मांडीवर बसवून. आता त्यांच्या गुडघ्यांना थिएटरच्या पायऱ्या झेपत नाहीत. "जायच्या आधी एक सिनेमा, आजा. तुम्ही नि मी, घरातच," एवढी तिची हौस. मामंजींनी तर सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

पण बजेट बेताचं. टीव्ही जुनाच ठेवला. आवाज पाच स्पीकरना वाटून देणारा रिसीव्हर तिरुच्चीहून वापरलेला आणला. स्पीकर तेवढे नवे घेतले, तीन पुढं आणि दोन मागं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून दुकानदार महागडे पॅनल गळ्यात मारत होता. हरितानं सरळ माझ्या चांगल्या जाड चादरी खिडक्यांना टांगल्या आणि खाली जमखाना अंथरला. चादरी गेल्या त्या गेल्याच! मागचा एक स्पीकर बाहेरच्या दारापाशी बसवला. मामंजी मधोमध आरामखुर्ची टाकून सगळ्यांना हुकूम सोडत होते.

स्पीकर तपासायला नेटवर एक इंग्रजी बाई बोलते, ती मामंजींना कळेना. मग हरितानं आपल्याच आवाजात, आपल्या घरच्या मराठीत चाचणी भरली आणि पेन ड्राइव्ह टीव्हीला खोचला. पण मागची वायर अपुरी पडली. लांब वायर मिळाली थेट पूजेच्या दिवशी सकाळी. हरितानं ती जोडली आणि म्हणाली, "जेवलो की सिनेमा." संध्याकाळी तिला विमानतळावर निघायचं होतं. ती न्हायला गेली.

तेवढ्यात मामंजी उठले. नवं यंत्र कोरंच कसं चालू करायचं? शकुन म्हणून त्यांनी अंगठ्यानं एकेका स्पीकरला चंदन-कुंकू लावलं आणि टीव्हीवर शेवंतीची माळ घातली. आणि देवघरातून कापराचं ताट घेऊन माझ्या सासूबाई भुवनेश्वरी बाहेर आल्या. जिथं जिथं चंदन दिसलं तिथं तिथं ओवाळत सुटल्या. शिवणयंत्र, स्कूटर, टीव्ही, पाचही स्पीकर. घंटापण वाजवली. झालं!

हरिता ओल्या केसांनी बाहेर आली नि बघतच राहिली. "आजा?"

मामंजींच्या अंगठ्याला चंदन तसंच होतं. "शकुनापुरतं लावलं गं मी..."

"मला काय ठाऊक?" सासूबाई म्हणाल्या. "चंदन दिसलं, ओवाळलं."

माझं डोकंच फिरलं. "अय्यो, पोर निघाली संध्याकाळी! मामंजी, कायदा तुमचा, तुम्हीच मोडा!"

त्यांनी तोंड उघडलं. हरिताकडे बघितलं, माळेकडे बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना नाही म्हणालेला माणूस, आज स्वतःला हो कसं म्हणणार?

"राहू दे आई," हरिता म्हणाली. "दुसऱ्या दिवशी परीक्षा होती तरी पूजेतलं पुस्तक दिलं नव्हतं मला त्यांनी, मग हे कसं देतील?" ती हसत होती आणि डोळे भरून आले होते. शेवटी आजाचीच नात.

दुपारभर दोघं माळ घातलेल्या काळ्या टीव्हीसमोर बसून नैवेद्याचं हरभऱ्यांचं सुंडल खात होती. ती हात न लावता लांबूनच रिमोटची बटणं दाखवत होती आणि ते मान हलवत होते. "दोन वर्षांनी बघू," ती म्हणाली. "बघू की," मामंजी म्हणाले. ब्याऐंशीचा माणूस दोन वर्षांचा वायदा करत होता. टॅक्सी आली तेव्हा ते दाराची चौकट धरून उभे होते, आणि गाडी वळल्यावरही कितीतरी वेळ आत आले नाहीत.

सकाळी पुनर्पूजा झाली. मी चंदन पुसलं, माळ काढली. मामंजींनी खुर्चीत बसून रिमोट हातात घेतला आणि तिनं दाखवलेलं बटण दाबलं. सिनेमा कसला लागतोय? पेन ड्राइव्हवरची चाचणी सुरू झाली.

"आजा, ही मी डावीकडे."

मामंजी दचकले. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"आजा, ही मी उजवीकडे."

आणि अगदी दारापाशी, "आजा, इकडं मागं बघा. मी इथं आहे."

मामंजी उठले. ते गुडघे घेऊन, खुर्चीचा हात धरून, वळले. दार उघडंच होतं. बाहेर उन्हात कुणी नव्हतं.

"मग आत ये की गं," ते म्हणाले.

मी रिमोट घेतला त्यांच्या हातातून. मला बंद करायचं बटण सापडेना.