कारणाचा रकाना

रुक्मिणीबाईंनी टेबलावर आधी ऊस ठेवला, मग पावती. ऊस हातभर लांबीचा आणि इतका हलका, की पंख्याच्या वाऱ्यानं तो फायलींवरून घरंगळत उत्तरेश्वरच्या हातापाशी येऊन थांबला.

"ह्यो माझा ऊस, भाऊ," त्या म्हणाल्या. "दोनदा येऊन गेले. तुमी म्हनलात, नंबरानं तोड येती. आता कारखानाच बंद व्हायला आला. शेजाऱ्याचं रान मोकळं होऊन महिना झाला. माझाच ऊस का ऱ्हायला?"

"मावशी, कंप्युटरची यादी हाय. तितं वशिला चालत न्हाई," उत्तरेश्वर नेहमीच्या थाटात म्हणाला. आधीच्या दोन्ही खेपांना त्यानं हेच सांगितलं होतं, तेही यादी न उघडता.

उत्तरेश्वर म्हणजे माजलगाव भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसातला क्लार्क. शेतकऱ्यानं उसाची लागण केली की तिची नोंद संगणकात करायची आणि हंगाम आला की नोंदीच्या तारखांवरून कोणाच्या शेतात तोडणीची टोळी आधी जाणार याची यादी काढायची, एवढंच त्याचं काम. पण यंदा कालव्याला पाणी नव्हतं. ज्याची तोड लांबली, त्याच्या उसाचं उभ्या उभ्या सरपण होत होतं.

संगणक अकरा वर्षांचा. बाकीची खाती नव्या मशीनसाठी भांडायची, हा पठ्ठ्या कधी मागायचा नाही. मशीनच्या आतला सेल सहा वर्षांपूर्वीच गेला होता आणि तो बसवायची खाचही मोडली होती. बीडहून आलेल्या मेकॅनिकनं "आता बदला हे" म्हणून हात झटकले होते. त्यामुळे लाइट गेली की मशीन तारीख विसरायचं आणि थेट १ जानेवारी २००२ वर जाऊन बसायचं. लाइट तर रोजच जायची. उत्तरेश्वर सकाळी आल्या आल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख भरायचा आणि मगच चहाला तोंड लावायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मशीन भंगारात गेलं असतं आणि त्याचा लौकिकही. दर एप्रिलला शेतकी अधिकारी मोहनराव विचारायचे, "काय उत्तरेश्वर, औंदा बदलायचं का?" हा छाती काढून म्हणायचा, "कशाला सायेब? मस्त चालतंय." आणि सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचा: 'संगणक सुस्थितीत आहे. बदलण्याची आवश्यकता नाही.' गेल्या सभेत साहेबांनी त्याचं नाव घेऊन कौतुक केलं, तेव्हा हा घरी पेढे घेऊन गेला होता.

त्यानं पावती हातात घेतली. रुक्मिणीबाईंनी ती दीड वर्ष प्लास्टिकच्या पिशवीत जपली होती, घडीसुद्धा मोडली नव्हती. नाव बरोबर, गट नंबर बरोबर. दिनांक: ०१/०१/२००२.

चष्मा पुसून त्यानं पुन्हा वाचलं. तारीख तीच होती.

"मावशी, नोंद कवा केलती?"

"पोळ्याच्या आदल्या दिशी. तुमी नव्हतात. हे बसलते." त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बंकटकडे बोट केलं.

त्या दिवशी उत्तरेश्वर सासऱ्याच्या दहाव्याला शिरूर कासारला गेला होता. सबंध वर्षातली ती त्याची एकच रजा.

"मी मशीन चालू केलं अन् नोंद टाकली," बंकट म्हणाला. "तारखेचं मला कुनी सांगितलं होतं?"

कुणीच नाही. उत्तरेश्वरनं जुने हंगाम उघडले. अकरा वर्षांपूर्वीच्या लागणींत रुक्मिणीबाईंचा दीड एकर निमूट बसला होता. सरलेल्या हंगामातला सगळा ऊस मशीन तुटलेला धरायचं. त्याच दिवशीच्या आणखी दोन नोंदी तिथंच होत्या, पण त्या दोघांचा ऊस संचालकांच्या ओळखीनं यादीविनाच तुटला होता. म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

त्यानं सगळं सांगितलं, अगदी सेलचंसुद्धा.

"म्हंजे कागदावर माझा ऊस कवाच तुटला?"

"व्हय."

"मंग कुनी तोडला?"

उत्तरेश्वरनं स्क्रीन बंद केली. अकरा वर्षं ज्या यादीच्या जोरावर तो ताठ मानेनं बसला होता, ती यादी त्याला बघवेना.

"आता एखादी टोळी?" त्यांनी विचारलं.

"टोळ्या गावाला गेल्या, मावशी."

"ह्यो ऊस कारखान्याला गेला तर पोरगं अन् सून पुढल्या हंगामाला ऊस तोडाया कोयत्यावर जानार न्हाईत, असं ठरवलं होतं आमी," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. त्यांनी पावतीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि त्या उठल्या. ऊस तिथंच राहिला. उत्तरेश्वरनं तो पुढं केला, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. रानात लई हाय."

घोळ कानावर गेला तसा दुपारी मोहनरावांनी मशीन बाद करायचा छापील अर्ज पाठवला. त्यात 'कारण' असा दोन बोटांचा रकाना होता. पाठोपाठ ते स्वतःच दारात आले. "जुना झाल्यामुळं, एवढंच लिव्ह. उगं वाढवू नको."

"मशीननंच घोळ केला की," बंकटनं री ओढली. "मशीनला कोन इचारतंय?"

साहेब गेले. उत्तरेश्वरनं पेनाचं टोपण काढलं आणि त्याच सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं: 'मशीन तारीख विसरते, हे मला सहा वर्षांपासून ठाऊक होते. मी कळवले नाही. दर वर्षी सुस्थितीत असल्याचे लिहून दिले. त्यामुळे रुक्मिणीबाई कारभारी यांचा दीड एकर ऊस शेतात वाळून गेला.' रकाना पुरला नाही. उरलेलं त्यानं समासात लिहिलं आणि खाली पूर्ण नावानं सही केली.

कागद उडू नये म्हणून त्यानं त्यावर तो ऊस ठेवला. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उसासकट सरकला. तेव्हा उत्तरेश्वरनं वरून हात दाबून धरला आणि साहेब परत येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.