खाली ठेव

माझं डोकं फिरलंय, ते आधीच सांगून ठेवतो. चूक माझी की पोरीची, ते नंतर बघू.

कॉम्प्युटर विनयाचा. विनया माझी बायको. दोन हजार आठच्या जानेवारीत तिने चार कोअरवाला घेतला आणि त्यावर हवामानाचं गणित लावलं. कुठल्याशा विद्यापीठाला शंभर वर्षांचं हवामान मोजायचंय, ते एका मशीनला झेपत नाही, म्हणून जगभरच्या घरांतले कॉम्प्युटर त्याचे तुकडे वाटून घेतात. आपण विंडोजवर मेल बघत बसायचं आणि मागे चारही कोअर राबत असतात, एका कोअरवर एक तुकडा. एकेक तुकडा महिनोन् महिने चालतो. मी म्हणायचो, "गुडगावात वीज टिकत नाही आणि तू जगाचा पाऊस मोजतेस!" ती म्हणायची, "तुला काय करायचंय? इन्व्हर्टर मी आणलाय."

मार्चमध्ये ती गेली. आठ दिवसांच्या तापाने. कॉम्प्युटर मात्र चालूच होता. तीन तुकडे मे महिन्यात पुरे होऊन गेले, चौथा रखडला. पडद्यावर तिचं नाव आणि पुढे आकडा. काल सकाळी त्र्याण्णव टक्के होता. तिने हातात घेतलेलं एवढं एकच काम उरलं होतं, आणि ते मला पुरं झालेलं बघायचं होतं. बस्स, दुसरं काही नको होतं.

काल दुपारी ऑफिसातून वल्लरीला फोन केला. आमची मुलगी, सोळा वर्षांची, जन्मापासून इकडेच वाढलेली.

"संध्याकाळी टेबल न्यायला माणूस येतोय. कॉम्प्युटर खाली ठेव."

"पूरा खाली?"

"मराठीत बोल गं! हो, पूर्ण खाली."

घरी येऊन बघतो तर कॉम्प्युटर टेबलावरच. आणि आत काही म्हणजे काही नाही. कोरं करकरीत विंडोज.

"हे काय केलंस?"

"खाली केला. तूच म्हणालास."

"खाली म्हणजे जमिनीवर! अगं, खाली!"

"खाली म्हणजे खाली. ज्यात काहीच नसतं."

"त्याला रिकामा म्हणतात, मूर्ख मुली!"

मग माझा तोल सुटला. तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, ही अख्खी दिल्ली, सगळ्यांचा उद्धार केला. बॅकअप घेतला नव्हता, ते शेण मीच खाल्लेलं, पण तेही तिच्याच माथी मारलं. "सात टक्के राहिले होते! आईचं काम पुसलंस तू!"

ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. "तू पुसायला लावलंस! तिचे कपडे दिलेस, आता टेबल देतोयस. मला वाटलं, कॉम्प्युटरपण देतोयस. इतका राग आला होता ना मला तुझा, बाबा! रडत रडत केलं मी."

तेवढ्यात बेल वाजली. टेबलवाला. "नहीं देना, जाओ!" म्हणून मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. बिचाऱ्याचा काय दोष? पण आपटलं.

वळलो तर वल्लरी टेबलाला टेकून उभी होती. आवाज खाली आला होता तिचा.

"मला विचारायचं होतं, की खरंच रिकामा करू का," ती म्हणाली. "पण तू म्हणालास मराठीत बोल. आणि मला तो शब्द येत नव्हता."