खड्यांच्या गौरीला हिरवी साडी

माझ्या नजरेतून माणूस सुटत नाही, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण दूधवाल्याचा चेहरा बघून सांगते की आज पाणी किती घातलंय. श्रीकांतनं, म्हणजे माझ्या मुलानं, घरात कम्प्यूटर आणला तेव्हाच मी म्हटलं होतं, याच्यातल्या माणसांना चेहरा नाही, माझा भरवसा नाही.

पण माझी नात अमृता त्यावर एक खेळ खेळायची आणि मला त्याची गोडी लागली. ही इथे उज्जैनला, बाकीची भावंडं आपापल्या गावी बसून एकमेकांना लिहायची. इंदूरचा तुषार, ग्वाल्हेरची मीरा, बंगलोरला शिकणारा पराग. त्यांच्यात एक जण गुपचूप लांडगा व्हायचा आणि एकेकाला खायचा. बाकीच्यांनी नुसत्या बोलण्यावरून तो ओळखायचा. सगळं लिहिणं इंग्रजीत, म्हणून अमृता मराठीत वाचून दाखवायची आणि मी शेजारी शेंगा सोलत निकाल द्यायची.

"माई, कोण असेल?"

"मीरा. दोनदा विचारलं तरी स्वतःचं काही सांगत नाही. लांडगा नुसता विचारतो, सांगत नाही. आणि ज्याची सरशी, त्याला हो म्हणतो."

मीराच निघायची. पोरं म्हणायची, माईला खेळात घ्यायचं नाही, चीटिंग होते.

परागची परीक्षा होती म्हणून तो महिनाभर खेळायला आला नाही. मग चैत्रात खेळात परत आला. त्या दिवशी संध्याकाळी श्रीकांत बँकेत, सून मीना बोर्डाच्या कॉप्या, म्हणजे परीक्षेचे पेपर, तपासायला गेलेली. घरात आम्ही दोघीच. खालच्या गल्लीत विष्णूच्या उसाच्या रसाच्या गाडीचे घुंगरू वाजत होते. डाव संपला. लांडगा तुषार निघाला.

"चुकलीस गं माई! तू पराग म्हणाली होतीस."

मी शेंगा बाजूला ठेवल्या. मी चुकत नाही. सगळा डाव पराग विचारत होता. काका किती वाजता येतात? तू ट्यूशनला कुठल्या रस्त्यानं जातेस? माई दुपारी झोपते का? स्वतःच्या हॉस्टेलचं, परीक्षेचं एक अक्षर नाही.

"अमू, हा लांडगा नसताना लांडग्यासारखा का बोलतोय?"

"काहीही हं तुझं." ती हसली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मान वळवून हसणारी पोर काहीतरी लपवत असते.

"त्याला एक विचार. गौरीला मागच्या वर्षी कुठल्या रंगाची साडी नेसवली होती?"

"माई, आपल्या गौरीला साडी..."

"विचार म्हटलं ना!"

आमच्या गौरी खड्यांच्या. क्षिप्रेतून सात खडे आणायचे. आणणाऱ्या मुलीनं तोंडात पाणी धरायचं आणि घरात येईपर्यंत बोलायचं नाही. मागच्या वर्षी खडे अमृतानं आणले आणि मागून घंटा वाजवत तिला हसवत होता तो हाच पराग. खड्यांना कुठली आली साडी?

अमृतानं टकटक केलं. उत्तर आलं. ती वाचेना.

"वाच."

"'हिरवी. फार सुंदर दिसत होती.'" तिनं बोटानं पुढची ओळ दाखवली. "खाली तुषार हसतोय. त्याला वाटतंय पराग मस्करी करतोय."

"तुला काय वाटतं?"

पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं. "माई, उद्या दुपारी त्यानं मला एकटीला वेगळं लिहून राम घाटावर बोलावलंय. म्हणाला, उज्जैनला आलोय, माईला सरप्राइज द्यायचंय, कुणाला सांगू नको. एकटीच ये म्हणाला."

मी आयुष्यात पुष्कळ पाहिलंय, पण असं नाही. परागच्या नावाआड बसलेल्या या माणसाला माझी झोप माहीत, पोरीचा रस्ता माहीत, आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही.

"बंद कर ते! तार काढ!"

तिनं भिंतीतली तार उपसली. आमच्याकडे फोनची लाइन एकच, इंटरनेट चालू असलं की फोन मुका. तार काढून फोनला लावली, आणि लावताक्षणी तो वाजला.

अमृता किंचाळली. फोन खिडकीशीच होता. मी उचलला.

"अमृता है?" पुरुषाचा आवाज. गोड, सभ्य.

"कौन?"

"पराग बोल रहा हूँ. लाइन कट गई थी."

आमचा पराग मला माई म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी ओरडणारच होते, तेवढ्यात थांबले. एका कानात, फोनमध्ये, घुंगरू वाजत होते. दुसऱ्या कानात, खिडकीतून, तेच घुंगरू. छम छम, थांबून, छम. एकाच ठेक्यात.

विष्णूची गाडी कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या, पैसे देऊन फोन करायच्या दुकानासमोर उभी राहते. त्या दुकानात आता कम्प्यूटरही ठेवलेत. तो उद्या घाटावर भेटणारा माणूस आत्ता आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होता.

मी खिडकीतून ओरडले, "विष्णू! एसटीडी में फोन पर जो है, पकड़ उसको! जाने मत दे!"

घुंगरू थांबले. बाहेरचे थांबले, आणि फोनमधलेही थांबले. फोनमध्ये नुसता श्वास. म्हणजे त्यानंही माझं ओरडणं ऐकलं होतं. मग खट्.

दुकानातून एक जण झपाझप बाहेर पडला. विष्णूनं रसानं भरलेल्या हातांनी त्याची कॉलर धरली. लोक जमले. धरलेल्या माणसानं मान वर केली आणि मला बघून हात जोडले.

"नमस्ते माताजी."

फाल्गुनात आमचा कम्प्यूटर दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. दिवाळीत पराग याच कम्प्यूटरवर खेळून गेला होता, त्याचं नाव आणि कुलूप, म्हणजे पासवर्ड, आतच राहिलं होतं आणि तेच यानं उचललं, हे मला श्रीकांतनं मागाहून सांगितलं. दुरुस्तीला आला त्या दिवशीही यानं असेच हात जोडले होते. मी त्याला आल्याचा चहा दिला होता आणि मीनाला म्हटलं होतं, बघ, किती संस्कारी मुलगा आहे.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आताही तो तसाच दिसत होता. सभ्य.

मागून अमृतानं माझा पदर मुठीत धरला होता. "अमू, बाबाला बँकेत फोन लाव," मी म्हटलं. ती हलली नाही. "बोल ना गं काहीतरी." तिनं ओठ घट्ट मिटले होते, गाल ताठ, तोंडात पाणी धरल्यासारखे. यावेळी हसवायला मागे कुणी घंटा वाजवत नव्हतं.